मुदत संपलेल्यांची यादी

मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा पगार घेते. अकरा वर्षं हेच करतेय आणि त्यापायी माझी जीभ तिखट झाली आहे असं घरीदारी सगळे म्हणतात. असेल. दिवसभर 'हे चालत नाही, ते चालत नाही' असं लिहिणाऱ्या बाईच्या तोंडून फुलं कुठून पडणार?

आमचं ॲप तसं साधं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. उघडलं की पडदाभर एकच गोल हिरवं बटण. पडलं-झडलं, छातीत दुखलं, गरगरलं की ते दाबायचं. दाबलं की घरच्या तिघांचे फोन वाजायला लागतात, सायलेंटवर असले तरी वाजतात, आणि आमचा कॉल सेंटरवाला पत्ता बघून ॲम्ब्युलन्स धाडतो. अर्थात ज्याची वर्षाची वर्गणी चालू आहे त्याच्यासाठी. बटण दाबल्यावर ॲप आधी सर्व्हरला एवढंच विचारतं की या माणसाची मुदत आहे का संपली. ते नीट विचारलं जातंय ना आणि उत्तर आल्यावर ठरल्याप्रमाणे घडतंय ना, हे तपासणं माझं काम.

पूर्वी मुदत संपली की बटण करडं व्हायचं आणि खाली अक्षरं यायची, 'आपली मुदत संपली आहे.' आता ऐंशीच्या माणसाला सकाळी उठल्या उठल्या हे वाचायला दिलं तर त्याचं काय होईल? ते घाबरायचे, फोन करायचे, रडायचे, काही जण आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पैसे भरणारा असायचा मुलगा नाहीतर सून, त्यांना पत्ताच नसायचा. शिव्या खायचो आम्ही.

त्यावर आमच्या मॅनेजरने तोडगा काढला. त्याला आम्ही मलम म्हणतो. कुठेही दुखलं की हा लावायला हजर, आणि बरं काहीच होत नाही. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, पण 'अगं' म्हणताना असा मान हलवतो की जणू मला अंगाखांद्यावर खेळवलंय याने. तर तोडगा असा की मुदत संपल्यावरही तीस दिवस बटण हिरवंच ठेवायचं. दाबलं की नेहमीसारखं थरथरेल, नेहमीचा आवाज करेल, फक्त निरोप कुठेही जाणार नाही. तेवढ्या दिवसांत पैसे भरणाऱ्याला आठवणीचे मेसेज पाठवत राहायचे. म्हाताऱ्याला काही कळताच कामा नये.

"आणि एखाद्याने खरंच दाबलं तर?" मी मीटिंगमध्ये विचारलं. मी विचारलं होतं, हे मुद्दाम सांगते, नंतर त्याचा काडीचा उपयोग झाला नाही तरी.

"अगं, दहातले नऊ चुकून दाबतात."

"आणि दहावा?"

"दहाव्याची वर्गणी संपलीय. फुकट ॲम्ब्युलन्स पाठवायची म्हणतेस?"

"पाठवू नकोस. पण पाठवली असं तरी दाखवू नकोस."

मग त्यांनी माझा मान राखला. बटण दाबल्यावर आधी यायचं 'निरोप पोहोचला.' ते सगळ्यांसाठीच बदलून 'नोंद झाली' केलं. नोंद तर होतेच ना, मलम म्हणाला, मग खोटं कुठे आहे? सगळे हसले. मीही हसले. घराचा हप्ता माझा, नोकरी बदलायचं वय उलटून गेलेलं, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये आपणच का वाकड्यात शिरायचं, असा विचार तेव्हा मनात आला होता. तो मला अजून शब्दन् शब्द आठवतो.

आता माझी मावशी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाप आधीच कुठे परागंदा झालेला. मावशीने लग्न केलं नव्हतं, तिने मला उचललं आणि स्वतःच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. एकतीस वर्षं अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये ती टेलिफोनवर होती. आग लागली की लोक जिला फोन करतात ती ही बाई. घरातही तशीच बोलायची. मी शाळेतून रडत आले की म्हणायची, "कुठे? किती? कुणाला लागलं? हं, आता रड." तिच्यावर माझा जीव आहे हे मी तिला कधी सांगितलं नाही. ती तरी कुठे असलं काही ऐकून घेणारी होती?

निवृत्तीनंतरही ती त्याच दोन खोल्यांत राहिली. तिच्या फोनवर आमचं ॲप मीच घातलं, वर्गणी मीच भरायची. आणि खरं सांगायचं तर ती माझी सगळ्यात चांगली टेस्टर होती. नवं व्हर्जन आलं की रविवारी मी ते तिच्या फोनवर टाकायची आणि आठवडाभर ती मला दोष काढून दाखवायची. अक्षर बारीक आहे, आवाज मरतुकडा आहे, हे बटण दाबलं की खड्डा पडल्यासारखं का दिसतं. खाण तशी माती.

तीन तारखेला, सोमवारी, मला ते तीस दिवसांचं हिरवं बटण तपासायचं होतं. त्याला मुदत संपलेलं खातं लागतं. आमच्याकडे खोटी खाती आहेत चाळीसेक, पण त्यांची मुदत कधी संपतच नाही, कोणीतरी पूर्वी तशी करून ठेवलीत आणि ते दुरुस्त करायला कुणाला वेळ नाही. मग माझी नेहमीची युक्ती. मी मावशीचं खातं उघडलं, मुदत पुढच्या वर्षापर्यंतची होती, ती काढून कालची तारीख टाकली आणि तिला फोन लावला.

"मावशी, बटण दाब बरं."

"दाबलं. हिरवं आहे. 'नोंद झाली' म्हणतंय. हे 'नोंद झाली' काय नवीन? मामलेदार कचेरी आहे का?"

माझा फोन वाजला नाही. कॉल सेंटरला काही गेलं नाही. म्हणजे ठरल्याप्रमाणे सगळं बरोबर. मी तपासणीच्या तक्त्यात त्या ओळीपुढे 'पास' लिहिलं. तारीख परत लावायची होती. तेवढ्यात पैसे भरायचा पडदा कुणाच्या तरी फोनवर उलटा दिसतोय म्हणून आरडाओरडा झाला, मी उठले, आणि तारीख तशीच राहिली.

इतर कुणी असतं तर आठवणीचे मेसेज वाचून जागं झालं असतं. मलाही आले. तीन आले. पण दिवसाला दोनशे खोटे मेसेज आमच्या फोनवर येतात, म्हणून आम्ही टेस्टर लोक आमच्याच ॲपच्या सूचना बंद करून ठेवतो. जगाला सांगतो चालू ठेवा, आणि स्वतः बंद ठेवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एकोणीस दिवसांनी, शनिवारी सकाळी पावणेआठला, मावशी न्हाणीघरातून बाहेर येताना पाय घसरून पडली. खुबा मोडला आणि उजवं मनगटही. फोन गळ्यातल्या पिशवीत होता, ती पिशवी तिने स्वतःच शिवली होती. चष्मा कुठेतरी उडाला. डाव्या हाताने तिने फोन काढला आणि बटण दाबलं.

मी शनिवारी घरीच होते. दहापर्यंत लोळले, मग कपडे धुतले, दुपारी एक सिनेमा बघितला. संध्याकाळी मावशीला फोन करावा असं वाटलं होतं, मग म्हटलं, उद्या जायचंच आहे.

रविवारी अकराला मी माझ्या किल्लीने दार उघडलं. ती बोळात पडली होती. अंगाखाली टॉवेल ओढून घेतलेला, ओठ पांढरे फटक. मला बघून म्हणाली, "आलीस?" एवढंच. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. सत्तावीस तास झाले होते.

ॲम्ब्युलन्सला मी नेहमीचा नंबर फिरवला, आमचं ॲप नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात ती तारीख लखकन आली. आणि इस्पितळात तिला आत नेल्यावर, बाहेरच्या बाकावर बसून, मी पहिलं काम काय केलं सांगू? फोनवरून सर्व्हर उघडला आणि तिची मुदत परत पुढच्या वर्षाची करून टाकली. मावशी आत कण्हत होती आणि मी पुरावा पुसत होते. अशी मी.

संध्याकाळी मामा आले. मावशीचे थोरले भाऊ. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना प्रत्येक पायरीला एक शिवी देतात, त्यामुळे येताना लांबूनच कळतं. त्यांनी वॉर्डमध्ये शिरताच माझ्यावर तोफ डागली.

"एवढं मोबाईलचं कौतुक! बटण दाबलं की धावत येते म्हणे! कुठे होतीस?"

मावशीच म्हणाली, "दादा, ओरडू नकोस, इथे आजारी माणसं आहेत. तिच्यापर्यंत निरोप गेला नसेल. नाहीतर आठवडाभर राबून झोपली असेल मेल्यागत. माणूस आहे ती."

"नेटवर्क नसेल," मी म्हणाले.

"बघ, नेटवर्क नव्हतं," मावशी म्हणाली आणि तो विषय मिटला. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि त्या दोन शब्दांवर मी सुटले.

ऑपरेशन त्याच रात्री झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यापुढे एकटं राहायचं नाही. मावशीने तिथल्या तिथे सांगून टाकलं की ती माझ्याकडे येणार. मामांनी 'आमच्याकडे चल' असं तोंडदेखलं म्हटलं, पण मामीचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य, तीस वर्षांपासूनचं. मला काय वाटलं ते लिहिताना लाज वाटते. मला आनंद झाला. माझ्या घरात माझ्याखेरीज कुणी नाही. संध्याकाळी कुलूप उघडताना आतून कुणीतरी 'कुठे होतीस एवढा वेळ' म्हणून खेकसावं, एवढीच माझी हौस होती, आणि ती पुरी होणार होती. फक्त तोंड मिटून बसायचं होतं. नेटवर्क नव्हतं, संपलं.

सोमवारी ऑफिसला गेले. चैन पडेना म्हणून लॉग, म्हणजे कुणी कधी बटण दाबलं त्याची सर्व्हरवरची नोंद, उघडला. आधी मावशीचा. चौदा वेळा दाबलं होतं तिने. पावणेआठला तीनदा, मग दर अर्ध्या-पाऊण तासाने, शेवटचं दुपारी चारला. त्यानंतर बॅटरी संपली असणार. प्रत्येक ओळीपुढे तेच: मुदत संपलेली, निरोप पाठवला नाही, पडद्यावर हिरवं दाखवलं.

मग मी तो शोध सगळ्यांसाठी लावला. मुदत संपलेले, तीस दिवसांच्या आतले, हिरवं बटण दिसणारे. दोनशे एकोणचाळीस माणसं निघाली. त्यांतल्या सतरांनी बटण दाबलं होतं, आणि एकदा नाही, लागोपाठ. चुकून एकदा दाबतं माणूस. चार, सहा, नऊ वेळा कोण चुकून दाबतं?

यादी घेऊन मी मलमच्या केबिनमध्ये गेले. त्याने ती वाचली. वाचताना रंग उतरला त्याचा, हे मी बघितलं, म्हणजे कळत नव्हतं असं नाही.

"हे कुणाला दाखवलंस?"

"तुलाच. आजच सगळ्यांचं बटण करडं करू. फोन करून सांगू."

"थांब, थांब. काय सांगणार? की तुम्ही पैसे भरले नाहीत? त्यांना मेसेज गेलेत." त्याने खुर्ची पुढे ओढली. "अगं, हे अंगाशी येईल. आणि कुणाच्या अंगाशी येईल माहितीय? तक्त्यात 'पास' कुणी लिहिलंय?"

"ठरवलं तू होतंस."

"ठरवलेलं मीटिंगमध्ये हवेत विरलं. लिहिलेलं तुझं आहे." मग एकदम मऊ झाला. "मावशी पडल्या म्हणे तुझ्या. कशा आहेत आता? आठवडाभर सुटी घे. आणि त्यांचं खातं मधे काही दिवस संपलेलं दिसतंय, रविवारी तूच परत चालू केलंस. मी काही विचारत नाही हं. घरचं माणूस आहे, मी समजू शकतो."

मलम असं लावलं की कातडं सोलून आलं. मी बाहेर आले, दोनशे एकोणचाळीस नावं आणि पैसे भरणाऱ्यांचे नंबर छापून घेतले, पर्समध्ये घातले, आणि सुटीवर गेले. मंगळवार त्या यादीसकट काढला. मावशीला सूप भरवलं, तिचे केस विंचरले, माझ्या घरच्या मधल्या खोलीत पलंग कुठे टाकायचा यावर तिच्याशी वाद घातला. तिला खिडकीशी हवा होता. हो म्हटलं. तेव्हा ती जे मागेल त्याला मी हो म्हणत होते.

बुधवारी भेटायच्या वेळेत शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून आली. सुनेने आजींच्या गळ्यात फोन अडकवला आणि म्हणाली, "हे बघा, काही झालं की हे हिरवं दाबायचं." आमचंच ॲप. आणि मावशी पडल्या पडल्या त्या आजींना समजावून सांगायला लागली. "दाबल्यावर नोंद झाली म्हणतं हो. चांगलं आहे. माझ्या भाचीच्या कंपनीचं आहे. माझ्या वेळी नेटवर्क नव्हतं, नाहीतर लगेच येतात."

ते मात्र मला ऐकवेना. सून गेल्यावर मी स्टूल पुढे ओढलं.

"मावशी, नेटवर्क गेलं नव्हतं. तुझं खातं मी बंद ठेवलं होतं."

तिने मान माझ्याकडे वळवली. मी सगळं सांगितलं. तारीख, पास, बंद ठेवलेल्या सूचना, बाकावर बसून केलेली लबाडी. ती आगीचा फोन घेत असल्यासारखी मधे मधे विचारत होती. कधी? कितीला? परत का लावली नाहीस? रडत बोलू नकोस, शब्द कळत नाहीत.

"म्हणजे विसरलीस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"विसरतं माणूस. मी एकदा बंब भलत्याच गल्लीत धाडला होता. पुरं वखारीचं छप्पर गेलं." तिने डावा हात चादरीवरून माझ्याकडे सरकवला. मी तो धरला. मला वाटलं, संपलं, सुटले मी.

मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण ते हिरवं का होतं?"

मी दुसऱ्या हाताने तिची चादर सारखी करायला लागले.

"तू विसरलीस ते कळलं. पण बंद होतं तर बंद दिसायला हवं ना? मी ओरडले असते गं. शनिवारी खालच्या मजल्यावर पोरंबाळं सगळी घरी होती, मला आवाज येत होते त्यांचे. एक हाक मारली असती तर आले असते. मी मारली नाही. म्हटलं, नोंद झालीय, येतीलच, दाराशी आले की उत्तर द्यायला आवाज लागेल. घसा कोरडा पडला होता, तो राखून ठेवला. मग दुपारनंतर ओरडायला गेले तर आवाजच फुटेना."

"हिरवंच ठेवायचं ठरलं होतं," मी म्हणाले. "मुदत संपलेल्या सगळ्यांचं. घाबरू नयेत म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू काय केलंस?"

"मी बोलले होते एकदा मीटिंगमध्ये."

"ते नाही विचारलं. तपासून काय लिहिलंस?"

"पास."

तिने हात काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला आणि पोटावर ठेवला.

"एकतीस वर्षांत," ती छताकडे बघत म्हणाली, "ड्रायव्हरचा आवाज कानावर पडेपर्यंत मी कुणालाही 'गाडी निघाली' म्हणाले नाही. लोक शिव्या द्यायचे. पाया पडायचे फोनवर. नुसतं निघाली म्हणा हो बाई. नाही म्हटलं. कारण निघाली म्हटलं की माणूस बादल्या ओतायचा थांबतो." मग तिने विचारलं, "असे अजून किती आहेत?"

"दोनशे एकोणचाळीस."

"आत्ता? या घटकेला?"

"हो."

"त्यांना कुणी सांगितलंय?"

"नाही."

"आणि तू तीन दिवस इथे मला सूप पाजत बसलीस."

मी म्हणाले, मावशी, नोकरी जाईल, केस होईल, मलम सगळं माझ्यावर ढकलेल. मी म्हणाले, तू घरी आलीस की आपण दोघी मिळून ठरवू काय करायचं ते. तेव्हा ती म्हणाली, "मी दादाकडे जाणार आहे. त्याला फोन करून सांग आजच."

"मामीकडे? अगं, तुझं तिच्याशी पटत नाही."

"नाही पटत. ती तोंडावर सांगते नकोस म्हणून. तुझं मला आता कसं कळणार?"

मी रडले. त्या वॉर्डमध्ये, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. तिने रडू दिलं. पाणी पी म्हटली नाही, गप्प बस म्हटली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "यादी कुठे आहे?"

पर्समध्ये होती. मी काढली. दाबलेले सतरा वरती होते.

"बस इथे. लाव. मी ऐकते."

"इथून?"

"साडेसहापर्यंत बसू देतात. स्पीकर लाव, पण बारीक. आधी कोण बोलतंय ते सांग, मग काय झालंय ते, मग त्यांनी काय करायचं ते. माफी शेवटी. लोकांना माफीत गुंतवू नकोस, त्यांना आधी काम असतं."

पहिल्या बाई म्हणाल्या, पैसे उकळायचे नवे धंदे, आणि फोन आपटला. मावशी म्हणाली, परत लाव. दुसऱ्या खेपेला त्यांनी ऐकून घेतलं आणि 'अरे देवा, आई एकटीच आहे' म्हणत फोन ठेवून धावल्या. दुसऱ्याने मला अशा शिव्या दिल्या की मामा ऐकते तर वहीत उतरवून घेते. तिसरा म्हणाला, बाबा चक्कर येऊन पडले होते, शेजाऱ्यांनी बघितलं, आता बरे आहेत, आम्ही म्हटलं होतं की रेंज नसेल. रेंज होती, मी म्हटलं. चौथ्याचा फोन लागेना. मधेच मलमचं नाव पडद्यावर आलं, कुणीतरी कंपनीत फोन करून विचारलं असणार. "काप," मावशी म्हणाली, "लाइन मोकळी ठेव." मी कापला. तो परत आला, परत कापला.

पाचवा एक माणूस होता. आवाजावरून पन्नाशीचा. मी सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली: अमुक कंपनीतून बोलतेय, तुमच्या वडिलांच्या फोनवरचं बटण...

"वडील गेले," तो म्हणाला. "अकरा तारखेला."

मी मावशीकडे बघितलं. तिचा चेहरा हलला नाही.

"मला वाटतं तुमची ती वर्गणी भरायची राहिली होती," तो म्हणाला. "आता बंदच करा. तसाही काही उपयोग झाला नाही. एवढं शिकवलं होतं त्यांना, दहा वेळा करून दाखवलं होतं. दाबलंच नाही. फोन हातात होता हो! हातात फोन धरून बसले होते खुर्चीत, आणि साधं एक बटण दाबता आलं नाही. हट्टी. जन्मभर कुणाची मदत घेतली नाही, मरतानाही घेतली नाही. मी तर त्यांच्यासमोर उभा राहून म्हटलं, म्हणजे गेल्यानंतर, की बाबा, एवढा कसला ताठा? माझी बायको म्हणते आता तरी सोडा राग. सुटत नाही."

यादीत त्याच्या ओळीपुढे माझ्याच ऑफिसचे आकडे छापलेले होते. अकरा तारीख, सकाळी नऊ वाजून दोन मिनिटं ते नऊ एकेचाळीस.

फोन ठेवून देता आला असता. 'बरं, बंद करते' म्हणायचं, एवढंच. त्याला कधीही कळलं नसतं. मावशी काही सुचवत नव्हती, खूण करत नव्हती, नुसती ऐकत होती.

"त्यांनी दाबलं होतं," मी म्हणाले. "नऊ वेळा."

मी 'हॅलो' म्हटलं. मग काय झालं होतं ते सांगितलं, सगळं. बटण बंद होतं, हिरवं दिसत होतं, त्यांना वाटलं असणार कुणीतरी निघालंय. हे तपासणारी मीच, आणि हे ठीक आहे असं लिहिणारी मीच, हेही सांगितलं.

"नऊ?" तो म्हणाला.

"नऊ. चाळीस मिनिटांत."

"म्हणजे ते मला बोलावत होते."

"हो."

मग कुठलासा खण उघडल्याचा आवाज, कागद, पेन.

"तुमचं नाव सांगा," तो म्हणाला. "पूर्ण सांगा. मी लिहून घेतोय."

मी सांगितलं. आडनावासकट, हुद्द्यासकट. त्याने एकेक अक्षर परत म्हणून घेतलं, बरोबर आहे का विचारलं, मी बरोबर आहे म्हटलं. माफी मागायला तोंड उघडलं तोवर त्याने फोन ठेवला होता.

कागद माझ्या हातून खाली पडला. मावशीला वाकता येत नाही. तिने मी तो उचलेपर्यंत वाट बघितली, मग डाव्या हाताच्या बोटाने सहावी ओळ शोधली.

"पुढचा लाव," ती म्हणाली.